सगळं गाव गप्प का?

दोस्तांनो, काउबॉयचा सिनेमा म्हटलं की काय आठवतं? उधळलेले घोडे, मोठ्या टोप्या आणि धाडधाड सुटणारी पिस्तुलं! आणि डिटेक्टिव्हची गोष्ट म्हटलं की? थापा मारणारे साक्षीदार आणि मार खाऊनही पिच्छा न सोडणारा नायक. या दोन्हींची झकास भेळ असलेला एक सिनेमा १९५५ साली आला. ‘बॅड डे अ‍ॅट ब्लॅक रॉक’ त्याचं नाव, आणि दिग्दर्शक जॉन स्टर्जेस.

गोष्ट आहे १९४५ची. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलंय. अमेरिकेच्या पश्चिमेला, वाळवंटात ब्लॅक रॉक नावाचं एवढंसं गाव आहे. चार वर्षांत तिथे आगगाडी थांबलेली नाही. आज मात्र थांबते! उतरतो एकच माणूस. काळा सूट, पिकलेले केस, डावा हात निकामी. हा मॅक्रीडी, म्हणजे नट स्पेन्सर ट्रेसी.

तो एवढंच विचारतो, कोमोको नावाचा शेतकरी कुठे राहतो? झालं! सगळ्यांचे चेहरे उतरतात. हॉटेलात खोली रिकामी असून मिळत नाही. त्याने दिलेली तार भलत्याच माणसाच्या हातात पडते. हा माणूस म्हणजे गावचा दादा, रेनो स्मिथ. तो सांगतो, “कोमोको जपानी होता. युद्ध सुरू झाल्यावर त्याला छावणीत नेलं.”

मॅक्रीडी स्वतः जाऊन बघतो. तिथे जळालेलं घर, खोल विहीर आणि एका जागी उगवलेली रानफुलं. युद्धावर जाऊन आलेल्या या माणसाला लगेच कळतं, की या फुलांखाली काहीतरी पुरलेलं आहे.

आता गंमत बघा. इतर रहस्यकथांत प्रश्न असतो, गुन्हा कोणी केला? इथे ते सगळ्या गावाला ठाऊक आहे! इथला प्रश्न आहे, तोंड कोण उघडणार? काही जण गुन्ह्यात सामील होते, पण बाकीचे नुसते घाबरून गप्प बसले. आणि त्यांच्या गप्प बसण्यावरच स्मिथची दादागिरी चालली.

मॅक्रीडी कशासाठी आलाय ठाऊक आहे? कोमोकोचा मुलगा ज्यो इटलीतल्या लढाईत मॅक्रीडीचा जीव वाचवताना मेला. त्याचं पदक बापाच्या हातात द्यायचं होतं. (याच इटलीत १९४४ साली आपले यशवंत घाडगे लढता लढता कामी आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.) मुलगा देशासाठी लढतोय आणि बापाला मात्र गाव शत्रू म्हणतंय!

स्मिथची थाप खपली, कारण छावण्या खरोखरच होत्या बरं का. डिसेंबर १९४१मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. पुढच्या वर्षी अमेरिकन सरकारने जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत ठेवलं. त्यातले बहुतेक जण अमेरिकेचेच नागरिक होते. या सिनेमाचं चित्रीकरण झालं कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनजवळ, आणि मांझनार नावाची अशीच एक छावणी तिथून अगदी जवळ होती. सरकारने या अन्यायाची जाहीर माफी मागितली, पण केव्हा? १९८८ साली!

कोमोको आणि ज्यो पडद्यावर एकदाही दिसत नाहीत. तरी सिनेमा संपल्यावर तेच आठवत राहतात. शेवटी कोण बोलतं, ते मी सांगणार नाही. सिनेमा फक्त ८१ मिनिटांचा आहे. थोडी मारामारी आहे, म्हणून आई-बाबांना शेजारी बसवूनच बघा. एका हाताने मॅक्रीडी एका आडदांड गुंडाला कसा लोळवतो, ते बघताना टाळ्या वाजवाल!

आणि हो, वर्गात एखाद्याला सगळे मिळून छळत असतील, तेव्हा आपण ब्लॅक रॉकमधले कोण असतो? जरा आठवून बघा. मीही बघतो.