काळा दगड आणि मंगळाचा पर्वत

सूर्यमालेतील सर्वांत उंच ज्वालामुखी कोणता, हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत हमखास विचारला जातो, आणि आमचे विद्यार्थी 'मंगळावरील ऑलिंपस मॉन्स' असे उत्तर क्षणार्धात देतात. त्याची उंची सुमारे २२ किलोमीटर, हेही त्यांना मुखोद्गत असते. परंतु तो पर्वत एवढा उंच का वाढला, असे कोणी विचारीत नाही. या पाठांतरास ज्ञान म्हणावयास मी तयार नाही. परग्रहांवरील ज्वालामुखींचा अभ्यास शाळेत अवश्य व्हावा. मात्र त्याचा आरंभ मंगळापासून न होता नंदुरबार-धुळ्याच्या माळावरून व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

'ज्वालामुखी' हा शब्दच आपली थोडी फसगत करतो. पुस्तकातील चित्रात निमुळता डोंगर असतो, त्याच्या माथ्यास तोंड असते व त्यातून ज्वाळा निघत असतात. असा डोंगर आपल्याकडे दिसत नाही. म्हणून ही सारी जपान-इटलीची गोष्ट, अशी मुलांची समजूत होते. वस्तुतः सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या व त्यांतून लाव्हारस पुरासारखा वाहिला. थरांवर थर साचले. झीज होऊन उरलेले ते थर आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापून आहेत. वेरूळचे कैलास लेणे कोरणाऱ्यांची छिन्नी थिजलेल्या लाव्हावरच चालली. माझी मातृभाषा कोकणी. आमच्याकडे घरे जांभ्याच्या चिऱ्यांची. रत्नागिरीच्या बाजूचा तो तांबडा जांभाही या काळ्या पाषाणाच्याच विघटनातून झालेला आहे, हे मला शाळेत कोणी सांगितले नव्हते.

आपल्या कोसाडची जमीन तापीच्या गाळाची. पण तापी येते खानदेशातून, आणि तेथील काळा पाषाण झिजवून तिने हा गाळ आणला. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे ज्या वाटेने सुरतेस आली, तीच वाट त्या मातीने फार पूर्वी धरली होती.

सुरत-भुसावळ गाडीने जाताना नवापूर ओलांडल्यावर खिडकीबाहेर पाहावे. नंदुरबार-धुळे भागात काळ्या दगडाच्या लांब, अरुंद, भिंतीसारख्या टेकड्या सरळ रेषेत गेलेल्या आढळतात. त्या कोणा राजाने बांधलेल्या नाहीत. जमिनीच्या भेगांत शिरलेला शिलारस तेथेच थिजला. सभोवारचा मऊ खडक झिजला आणि भेगेतला कठीण खडक भिंत होऊन उभा राहिला. यांपैकी काही भेगांतून लाव्हा पृष्ठभागावर आला असावा. म्हणजे ज्वालामुखीची 'मुखे' आपण रोज पाहतो. फक्त ती डोंगराच्या माथ्यावर नसून माळावर आडवी पसरलेली आहेत.

एवढे ध्यानात आले की आकाश जवळ येते. चंद्रावरील काळे डाग, ज्यांत आपल्या आज्या ससा दाखवीत, ते अशाच लाव्हाच्या पुराचे गोठलेले मैदान होय. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी तेथून आणलेल्या दगडांत बेसाल्ट, म्हणजे आपलाच काळा पाषाण, निघाला. मुंबईस अंधेरीत गिल्बर्ट टेकडी आहे. तिच्यावरील उभे खांब लाव्हा थंड होऊन आकसताना तयार झाले. तशाच खांबांची छायाचित्रे मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने टिपली, व ती २००९ साली प्रसिद्ध झाली.

आता मूळ प्रश्न. पृथ्वीचे कवच तुकड्यातुकड्यांनी सरकते. दख्खनचा लाव्हा ज्या खोल उष्ण प्रवाहातून आला, तो आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे, असे अनेक भूशास्त्रज्ञ मानतात. तेथील ज्वालामुखी अद्याप जागृत आहे. चूल होती तेथेच राहिली, आपली भूमी उत्तरेस निघून आली. मंगळावर कवच असे सरकत नाही. एकाच ठिकाणी कोट्यवधी वर्षे लाव्हा साचत राहिला, शिवाय तेथील गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्केच. म्हणून पर्वत २२ किलोमीटर चढला. हे ज्याला कळले त्याने आकडा विसरला तरी चालेल.

गुरूच्या आयो या उपग्रहाची कथा निराळी. गुरू व इतर उपग्रह यांच्या ओढाताणीत तो सतत पिळला जातो आणि त्या घर्षणानेच आतून तापतो. १९७९ साली व्हॉयेजर १ च्या छायाचित्रांत तेथील उद्रेक दिसला. पृथ्वीबाहेर प्रथमच जिवंत ज्वालामुखी सापडला. शुक्राची तऱ्हा आणखी न्यारी: १९९१ साली मॅगेलन यानाने रडारने घेतलेली चित्रे ताडून पाहता एका ज्वालामुखाचा आकार आठ महिन्यांत बदलल्याचे २०२३ साली लक्षात आले. तीस वर्षे पुरावा पेटीतच होता! शनीच्या एन्सेलॅडसवर तर भेगांतून पाण्याची वाफ व बर्फाचे कण उसळतात. तेथे ज्वालाही नाही. आपला शब्द अगदीच तोकडा पडतो.

याचा उपयोग काय, असे काही पालक विचारतील. मी कलाशाखेचा पदवीधर. उपयोगाचा हिशेब मला फारसा जमत नाही. पण मुलगा काळ्या दगडाला ठेच लागून तसाच पुढे जातो की क्षणभर वाकून पाहतो, यात मला मोठा भेद वाटतो.

दिवाळीच्या सुटीत अर्धी शाळा गावाकडे जाते. परत येताना प्रत्येकाने शेताच्या बांधावरील एक दगड आणावा, त्यास गावाचे नाव चिकटवावे. ते ठेवण्यास एक कपाट लागेल. जुन्या उत्तरपत्रिकांचे कपाट रिकामे करावे, असे मी सुचवितो.