नकाशावरचा हिरवा रंग आणि भामरागडचा हिवताप

देशात हिवतापाची स्थानिक लागण २०२७ पर्यंत शून्यावर आणायची आणि २०३० पर्यंत रोगाचे निर्मूलन करायचे, हे केंद्राचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात या उद्दिष्टाची खरी कसोटी गडचिरोलीत लागणार. आता रुग्णांची आकडेवारी संगणकावर भरली जाते आणि डॅशबोर्डवर रंगीत नकाशा उमटतो. पण माहितीचे तुकडे कुठे पाडायचे, हे सॉफ्टवेअर ठरवत नाही. ते माणसेच ठरवतात, आणि मच्छरदाण्या व फवारणी कुठे पोहोचणार हे बरेचसे त्यावरच अवलंबून असते.

२०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीची लोकसंख्या १० लाख ७२ हजार. त्यात छत्तीसगडला लागून असलेल्या भामरागड तालुक्याची जेमतेम ३६ हजार. संपूर्ण जिल्ह्याची सरासरी काढली, की देसाईगंजच्या सपाट, दाट वस्तीत भामरागडचे जंगल विरघळून जाते. शेजारच्या चंद्रपुरात तर शहर, कोळसा खाणी आणि जंगल एकाच सरासरीत कोंबले जातात.

तालुक्याच्या खाली उतरले तरी हीच अडचण. हिवतापाचे प्रमाण दर हजार लोकसंख्येमागे वर्षभरात किती रुग्ण, असे मोजतात आणि हजारी १ ही प्रतवारीतली महत्त्वाची रेषा आहे. समजा, एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली प्रत्येकी ३,००० वस्तीची पाच उपकेंद्रे आहेत आणि वर्षात ६० रुग्ण सापडले. प्रमाण हजारी ४. पण यातले ५४ रुग्ण एकाच उपकेंद्रातले असतील, तर तिथले प्रमाण हजारी १८ आणि उरलेल्या चारांचे मिळून अवघे अर्धा. केंद्राला एकच रंग दिला, की पाचही ठिकाणी सारखीच फवारणी होणार. उपकेंद्राच्याही पुढे गाव आणि टोल्यापर्यंत फिल्टर लावता आला, तर गरज नेमकी दिसेल.

परजीवीनुसार विभागणीही तितकीच महत्त्वाची. फाल्सिपेरम जीवघेणा ठरू शकतो, तिथे घाई हवी. व्हायवॅक्स यकृतात दडून महिन्यांनी उलटतो. त्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते, आणि ताप उतरल्यावर इतके दिवस गोळ्या कोण घेतो? दोन्ही एकाच स्तंभात रंगवले, तर नवी लागण किती आणि अर्धवट उपचारामुळे उलटलेला ताप किती, याचा अंदाजही बांधता येत नाही.

सर्वात फसवा मात्र हिरवा रंग. पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढते आणि भामरागडचा संपर्क तुटतो. त्या आठवड्यांत पलीकडच्या गावांतून रक्तनमुने आलेच नाहीत, तर रुग्णसंख्येच्या रकान्यात शून्य पडते आणि नकाशा ते गाव हिरवे दाखवतो. रोग नाही आणि तपासणीच नाही, या दोन्हींचा रंग एक! वर्षभरात किमान १० टक्के लोकांचे रक्त तपासले जावे, हा जुना निकष आहे. तो जिथे गाठलेला नाही, ती गावे हिरव्यातून काढून राखाडी रंगात वेगळी दाखवणे कोणत्याही डॅशबोर्डला सहज जमते. मग पूर ओसरल्यावर आशा कार्यकर्तीने तपासणी किट घेऊन आधी कोणत्या टोल्यावर जायचे, ते नकाशावरच दिसेल.