पंचांचा दंड आणि गेलेलं गवत



मागच्या अंकांत आपण वनखात्याच्या प्लॉटांवर आणि सात-बाराच्या नोंदींवर लिहिलं. या वेळची गोष्ट बैठकीत कोणी काढत नाही. काढली की बाप्ये खाली बघतात आणि बाया पदर तोंडाला लावतात. १५, १६, १७ वर्षांच्या आपल्या पोरी पोटुशी राहतात, आणि मग दोन घरांचे हाल होतात, ही ती गोष्ट. काही साथी म्हणाले, "ताई, आपलं पत्रक जमिनीचं. त्यात हे कशाला?" त्यांच्यासाठीच लिहितेय. हा जमिनीचाच प्रश्न आहे, कसा ते ऐका.

जव्हार तालुक्यातला एक पाडा. नावं लिहिणार नाही. पोरगी १६ पूर्ण, आश्रमशाळेत नववीला नापास होऊन घरी बसलेली. पोरगा १७ चा, दहावीत. दिवाळीनंतर दोन्ही घरं भिवंडीकडं एकाच वीटभट्टीवर गेली. पोरगा सुट्टीत आईबापाला हात लावायला तिथं आला. दोघांचं जमलं. जबरदस्ती कोणी केली नाही, दोघं तसंच सांगतात. होळीला माणसं परत आली तेव्हा पोरीला चौथा महिना होता. तिनं कोणाला सांगितलं नाही. आईच्या लक्षात आलं तेव्हा मे महिना आला होता.

मग पंच बसले. पोराच्या बापाला ३,००० रुपये दंड, पाड्याला जेवण, आणि पाऊस पडायच्या आत लग्न. बापाकडं रोख कुठली? त्याच्याकडं एक एकर भाताची आणि दोन एकर वरकस, गवताची जमीन. ही जमीन त्याच्या बापाच्या हातून शेठकडं गेली होती. १९७४ च्या जमीन परतीच्या कायद्याखाली आपण दावा लावला, ६ वर्षं मामलेदार कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा ती परत आली. ताबा घेतला त्या दिवशी आपण सगळे तारपा वाजवत रानात गेलो होतो, आठवतं ना? आता तो बाप त्याच शेठकडं गेला. शेठनं ४,००० उचल दिली आणि बदल्यात ५ वर्षांचं गवत घेतलं. कागद नाही, सही नाही. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन घेता येत नाही हे शेठला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, म्हणून तो जमिनीला हात लावतच नाही. सात-बारा आपल्या माणसाच्या नावावर आणि गवत शेठच्या ट्रकमध्ये.

जे कचेरीला जमलं नाही, ते एका रात्रीत पंचांनी केलं. आणि पंच कोण होते? पाचांतले तिघं आपल्या संघटनेचे. मीही तिथं बसले होते. ३,००० चा आकडा निघाला तेव्हा मी बोलले नाही. मोठी माणसं बोलतायत, आपण लहान, असं वाटलं. ती माझी चूक. ती इथं लिहितेय कारण पुढच्या वेळी दुसरं कोणी तसं गप बसू नये.

आता त्या दोन घरांचं पुढं काय झालं ते बघा. पोरगा दहावीच्या परीक्षेला गेलाच नाही, आता रेती काढायला बंदरावर आहे. पोरगी घरात लपून राहिली म्हणून अंगणवाडीत तिचं नाव लागलं नाही. रक्तवाढीच्या गोळ्या नाहीत, धनुर्वाताचं इंजेक्शन नाही, वरचा आहार नाही. ऐन आवणीत, सगळे चिखलात असताना, आठव्या महिन्यातच ती घरी बाळंत झाली. पोर दोन किलोचंही भरलं नाही. तिची धाकटी बहीण सातवीत होती. "हिचंही तसंच होईल" म्हणून बापानं तिला आश्रमशाळेतून काढून आणलं. आणि त्या पोरीची आई? मोर्चाला झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढं चालणारी बाई. ती आता बैठकीला येत नाही. रस्त्यात भेटली तर वाट बदलते.

१९९२ ला वावर-वांगणीत पोरं मेली तेव्हा मंत्री आले, गाड्या आल्या, फोटो निघाले. आपण ओरडून सांगितलं की ही पोरं भुकेनं मेली. ते खरंच होतं. पण १६ वर्षांची, अंगात रक्त नसलेली, सहा महिने लपवून ठेवलेली आई असेल तर तिचं पोर कमजोरच जन्मणार. तिला लपवायला लावलं कोणी? सरकारनं नाही, आपण लावलं.

म्हातारी माणसं म्हणतात, हल्लीची पोरं बिघडली. आजीला विचारा. आमच्या वारल्यांत जोडपं आधी घर करून राहायचं आणि पैसा जमला की धवलेरीला बोलवून लग्न लावायचं. आईबापाचं आणि पोरांचं लग्न एकाच मांडवात झालेलं मी डोळ्यानं बघितलंय. पोट दिसलं म्हणून कोणी तोंड लपवत नव्हतं. आजीच्या वेळचं सगळं चांगलं होतं असं मी म्हणत नाही, तेव्हाही कोवळ्या पोरी बाळंतपणात जायच्या. पण पोरीच्या पोटाला दंड आणि घाईचं लग्न, ही अब्रू आपण बाजारगावातल्या लोकांकडं बघून शिकलो. लग्नासाठी कर्ज काढून सावकाराच्या दारात आयुष्य घालवणाऱ्याला आपल्याकडं लग्नगडी म्हणायचे. १९४५ साली वारल्यांनी लाल बावट्याखाली ती गुलामी मोडली. आपण दंडाच्या नावानं ती परत आणतोय.

आता दुसरी गोष्ट, ती पहिलीत मिसळू नका. दोन पोरांचं एकमेकांवर मन बसणं वेगळं. भट्टीचा मुकादम, शेठ, जंगलचा गार्ड, नाहीतर शाळेतला कोणी माणूस पोरीला धाक दाखवून, उचलीचा नाहीतर पासनापासचा दाब टाकून तिच्याशी असं वागतो, ते वेगळं. तो गुन्हा आहे. तिथं पंच काय करतात? मुकादमाकडून पाचशे-हजार घेऊन मिटवतात. म्हणजे आपल्या पोराच्या बापाला ३,००० आणि मुकादमाला ५००! पोरगी १८ च्या आतली असेल तर तिची संमती होती असं कोर्टातही चालत नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या मूळ कलम ३ मध्येच लिहिलं होतं की आपल्या अधिकाराचा दाब वापरून आदिवासी बाईला भोगणाऱ्या बिगर-आदिवासीला सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा होईल. हे कायदे फुकट आले नाहीत. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी पोरीवर बलात्कार झाला आणि सुप्रीम कोर्टानं पोलिसांना सोडलं. देशभर बाया रस्त्यावर उतरल्या तेव्हा १९८३ ला कायदा बदलला.

पोरगी आणि तिची आई यांनी माहीत करून घ्यावं असं आणखी थोडं.

नको असलेलं पोट पाडायला १९७१ चा कायदा आहे. २० आठवड्यांच्या आत एका डॉक्टरचं मत लागतं, १८ च्या आतल्या पोरीसाठी २० ते २४ आठवड्यांत दोघांचं. पोरगी १८ च्या आतली असेल तर आईबापाची किंवा पालकाची लेखी संमती लागते. पंचांची लागत नाही. नाव गुप्त ठेवायचं बंधन डॉक्टरवर आहे. म्हणून पाळी चुकली की पोरीनं आईला आणि आईनं आपल्या बाईला पहिल्याच महिन्यात सांगावं. लाजेत महिने गेले की ही वाट बंद होते. काढा, काडी, भगत यांच्या नादी लागू नका, त्यात पोरी मरतात. पोर ठेवायचं की नाही हे पोरीला विचारून ठरवा.

घाईचं लग्न कायद्यातही बसत नाही. १९७८ पासून पोरीला १८ आणि पोराला २१ पूर्ण लागतात. आणि लग्न झालं नाही म्हणून पोर बेवारस होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (आधीचं फौजदारी कलम १२५) बापाकडून पोराची पोटगी मागता येते, आईचं लग्न झालेलं असो की नसो.

संघटनेनं काय करायचं? माझं म्हणणं असं:

१) संघटनेचा कोणीही कार्यकर्ता असल्या दंडाच्या पंचात बसणार नाही. बसला तर दंड लावू न देण्यासाठीच बसेल.

२) पोराची जबाबदारी दंडानं फिटत नाही. त्यानं शाळा पुरी करावी आणि पोराला आपलं नाव द्यावं. खर्चाचा वाटा दोन्ही घरांनी महिन्याच्या महिन्याला, झेपेल तसा उचलावा.

३) प्रत्येक पाड्यावर दोन बाया ठरवू. पोरी त्यांच्याकडं येतील आणि त्या पोरीबरोबर दवाखान्यात जातील. अंगणवाडीत नाव लावायची जबाबदारीही त्यांची.

४) आश्रमशाळेवर मोर्चा नेऊ तेव्हा डाळ-तांदळाबरोबर हेही मागू: मुलींच्या वसतिगृहावर बाई अधीक्षिका, पोरापोरींना शरीराची नीट माहिती, आणि बाळंत झालेल्या पोरीला परत वर्गात घेणं.

५) रोजगार हमीचं काम दिवाळीनंतर गावातच काढायला लावू. १९७७ चा कायदा आहे, मागितल्यावर १५ दिवसांत काम द्यावं लागतं. पोरी भट्टीवर, परक्यांच्या नजरेत, उघड्या झोपडीत राहतात त्या काम नाही म्हणून.

६) त्या बापाचं गवत सोडवायचं. पाड्यानं जेवण जेवलंय, आता पाड्यानंच वर्गणी काढावी. माझे ५० रुपये पहिले.

हे पत्रक ज्याला वाचता येतं त्यानं पाड्यावर मोठ्यानं वाचून दाखवावं, बाया आणि पोरी हजर असताना. ज्यांना पटत नाही त्यांनी अमावास्येच्या बैठकीत उभं राहून सांगावं, मागून कुजबुजू नये. मी स्वतः त्या पोरीच्या आईकडं जाणार आहे, माफी मागायला आणि तिला बैठकीला घेऊन यायला. ती आली तर तिला पुढं बसायला जागा करा.

जिंदाबाद!