सर्व क्षेम

गूगलने आपल्या लघुदुव्यांना फर्मावलेला 25 ऑगस्ट 2025 चा देहान्त ऐन वेळी अंशतः तहकूब केला आणि 2024 च्या अखेरीस ज्यांच्याकडे कोणी फिरकले नव्हते तेवढ्यांचाच निकाल लावण्याचे औदार्य दाखविले, तेव्हा सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका सांभाळणाऱ्या मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकला असल्यास नवल नाही. तळटीपेतला दुवा हा अडल्या वेळेसाठीच असतो आणि वर्षानुवर्षे त्याच्याकडे कोणी न फिरकणे हा त्याचा अपराध नव्हे, असला जुनाट विचार या व्यवहारात कोणाला सुचण्याचे कारणच नव्हते.

तसेही दुव्यांच्या जीवनमरणाची चिंता या मंडळींनी यंत्रावर सोपविली आहे. पायथन भाषेची माहितीपुस्तिका ज्यातून सिद्ध होते त्या स्फिंक्स या साधनात 'लिंकचेक' नावाचा एक तपासनीसच नेमलेला आहे; तो एकेक दुवा घेऊन सर्व्हरच्या दारी जातो, रुजवात करतो आणि प्रत्येकापुढे शेरा मारून परततो. हा शेरा तो कशावरून मारतो, हे मात्र पाहण्यासारखे आहे. पान सापडले नाही तर सर्व्हरने 404 सांगावे, कायमचे काढून टाकले असेल तर 410, आणि सारे ठीक असेल तर 200, असा शिरस्ता आहे. परंतु अलीकडे कित्येक सर्व्हरांना नाही म्हणण्याचा असा काही विलक्षण संकोच वाटू लागला आहे की, वाचकापुढे ते 'क्षमस्व, आपण शोधता ते पान अस्तित्वात नाही' अशी ठळक अक्षरांतली, बहुधा एखाद्या रडवेल्या चित्राने सजविलेली दिलगिरी मांडतात आणि त्याच क्षणी तपासनिसाच्या कानात मात्र 200, म्हणजे सर्व क्षेम, असे कुजबुजतात. तपासनीस पान वाचीत नाही, आकडा वाचतो. त्यामुळे दिलगिऱ्यांनी खचाखच भरलेल्या पुस्तिकेचाही अहवाल निष्कलंक निघतो, आणि अहवाल निष्कलंक निघाला म्हणून पुस्तिका प्रसिद्ध होते.

उलट, जे संकेतस्थळ धडधाकट आहे, पण यंत्रांचा उपद्रव नको म्हणून त्यांना दारातूनच 403 सांगून वाटेला लावते, ते मोडक्यांच्या यादीत जाते. आणि पुन्हापुन्हा तोच शेरा वाचण्याचा कंटाळा आला की, वगळायच्या दुव्यांची म्हणून जी एक अधिकृत यादी असते तीत त्याची कायमची रवानगी होते. एवढे करूनही एखादा खराच मेलेला दुवा हाती लागला, तर त्याची दुरुस्ती म्हणजे, ज्या विवक्षित परिच्छेदाचा हवाला दिलेला होता त्याच्या जागी त्या संस्थेच्या मुखपृष्ठाचा पत्ता बसविणे. मुखपृष्ठ नेहमीच 200 देते. तिथून पुढे वाचकाने काय ते शोधावे.

मराठी ग्रंथांच्या अखेरीस पूर्वी पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध अशा रकान्यांचे शुद्धिपत्र असे, आणि ते पाहून छपाईनंतर कोणीतरी हा ग्रंथ पुन्हा वाचला आहे एवढी तरी वाचकाची खात्री पटे. (आमच्या प्रकाशकांनी ते छापणे सोडून दिले यावरून मुद्रणदोषच संपले असा समज करून घेण्यास वाचक मुखत्यार आहेत.) दुवे दुरुस्त करणाऱ्यांच्या अहवालात असा एकही रकाना नाही की जो कोणी पान उघडून वाचल्याशिवाय भरता येऊ नये.

पत्ते मुळात बदलूच नयेत, असे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 1998 मध्येच लिहून ठेवले आहे. आणि बदलावेच लागले तर कायमच्या स्थलांतराची वर्दी देणारा 301 हा आकडा मे 1996 च्या एचटीटीपीच्या नियमपत्रापासून विनामूल्य उपलब्ध आहे. पान हलविणाऱ्याने तो द्यावा, आणि दुवा दुरुस्त करणाऱ्याने नवे पान एकदा स्वतः उघडून, यंत्राच्या नव्हे तर आपल्या डोळ्यांनी, शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे.