थाळी वाजवून कान कळत नाहीत

थाळी वाजवली की बाळ दचकतं, म्हणजे त्याला ऐकू येतं, असं आपण धरून चालतो. पण थोडंफार ऐकू येणारं बाळही मोठ्या आवाजाला दचकतं. मग दोन वर्षांचं होऊनही बोलत नाही, तेव्हा घरात धावपळ सुरू होते आणि बोल लागतो तो सुनेला!

मैत्रिणींनो, कारणं वेगळीच असतात. मामाची मुलगी करायची आपल्याकडची रीत. अशा जवळच्या नात्यातल्या लग्नात जन्मजात बहिरेपणाचा धोका वाढतो. गरोदरपणात झालेला रुबेला, दीड किलोपेक्षा कमी वजन, जन्मताच न रडणं, रक्त बदलावं लागेल इतकी कावीळ, पाच दिवसांहून जास्त अतिदक्षता विभागात राहणं, मेंदूज्वर, जेंटामायसिनसारखी काही औषधं, हीसुद्धा कारणं आहेत. जीव वाचवायला औषध द्यावंच लागतं, पण नंतर कान तपासायला नकोत का?

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट बोलायला हवी. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून पोटातल्या बाळाला ऐकू येऊ लागतं. स्वीडनमधल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गरोदरपणात ८५ डेसिबलच्या वर आवाजात पूर्णवेळ काम केलेल्या स्त्रियांच्या मुलांमध्ये ऐकण्याचे दोष जास्त आढळले. आई आपल्या कानात बोळे घालील, पोटातल्या बाळाचं काय? म्हणून दिवस गेलेल्या कामगार बाईला पगार न कापता शांत विभागात काम द्यावं. ही मागणी एकटीनं करणं अवघड, चौघींनी मिळून करावी.

आणि यातलं एकही कारण नसलं तरी? जन्मतः कमी ऐकू येणाऱ्या सुमारे निम्म्या बाळांत असं कुठलंच कारण सापडत नाही. म्हणून प्रत्येक बाळाचे कान तपासायलाच हवेत. बाळ झोपलेलं असताना, सुई न टोचता, काही मिनिटांत तपासणी होते. अतिदक्षता विभागातल्या बाळाची मात्र आवाज मेंदूपर्यंत पोचतो का, हे पाहणारी तपासणीही करावी. पहिली तपासणी एका महिन्यात, निदान तीन महिन्यांत, उपचार सहा महिन्यांच्या आत, हे पक्कं लक्षात ठेवा. २०१३ पासूनच्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. आशाताईंना विचारा.

बाळंतिणीला भेटायला गेलं की आपण बाळाचं वजन विचारतो. आता 'कान तपासले का गं?' हेही विचारूया.