दुखत नाही ना, मग राहू दे

अंघोळ करताना किंवा दाढी करताना बोटाला अचानक काहीतरी लागतं. मानेत, काखेत, छातीत, जांघेत. आपण लगेच ते दाबून पाहतो. दुखलं तर दवाखाना गाठतो. नाही दुखलं तर हुश्श करून कामाला लागतो, आणि घरातलं कोणीतरी वर म्हणतंच, "दुखत नाही ना, मग राहू दे." या एका वाक्यामुळे आपल्याकडे फार माणसं उशिरा डॉक्टरकडे पोचतात.

दुखणारी गाठ बहुतेक वेळा जंतूंची असते. गळू, काखमांजरी, पायाला ठेच लागून पिकली की जांघेत येणारं अवधाण, या सगळ्यांत ठणका असतो, ताप असतो, आणि मूळ जखम बरी झाली की गाठही ओसरते. स्तनाचा किंवा थायरॉइडचा कॅन्सर सुरुवातीला सहसा दुखत नाही. मानेतली टीबीची गाठ, जिला जुनी माणसं गंडमाळ म्हणतात, तीही महिनोन्महिने न दुखता वाढू शकते. आता हेही खरं, की न दुखणाऱ्या बहुसंख्य गाठी चरबीच्या नाहीतर पाण्याच्या असतात आणि जन्मभर काही त्रास देत नाहीत. म्हणजे दुखण्यावरून काहीच ठरत नाही. आत काय आहे ते पाहावंच लागतं.

पाहायचं कसं, तर आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना हाताने तपासू द्या आणि मग त्यांच्या चिठ्ठीवर सोनोग्राफी करा. हाताच्या तपासणीला कमी लेखू नका. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांचे स्तन दर दोन वर्षांनी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका फक्त हाताने तपासत. वीस वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडत होता, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होते. हाताला लागलेली गाठ दुर्लक्षिण्यासारखी नसते, एवढं तरी यातून घ्या.

आपल्याकडे एक अडचण आणखी आहे. सोनोग्राफी म्हटलं की लोकांना बाळंतपणच आठवतं. केंद्राच्या दारावर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशी पाटी, बाकावर ओळीने बसलेल्या गरोदर बायका. महाराष्ट्राने याविरुद्ध १९८८ मध्ये कायदा केला, देशाचा कायदा १९९४ चा. पाटी त्यासाठी असते आणि असायलाच हवी. पण त्या बाकावर बसायला पुरुष लाजतात. विशेषतः वृषणात गाठ लागलेला विशी-तिशीतला मुलगा घरातही बोलत नाही आणि डॉक्टरकडेही जात नाही. वृषणाचा कॅन्सर याच वयात जास्त दिसतो, आणि लवकर सापडला तर बरा होण्यात तो इतर बऱ्याच कॅन्सरच्या पुढे आहे. आयांनो, बापांनो, मुलाला हे एकदा सांगून ठेवा. तिथे गाठ लागली तर त्याच आठवड्यात तपासणी, पुढच्या महिन्यात नाही.

तपासणीत घाबरण्यासारखं काही नाही. यंत्र आवाजाच्या लहरींवर चालतं, आपल्याला ऐकू येत नाहीत इतक्या बारीक आवाजाच्या. एक्स-रेसारखा किरणोत्सर्ग नसतो, म्हणून गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळालाही चालतं. अंगावरच्या गाठीसाठी उपाशी राहावं लागत नाही. ते पोटाच्या सोनोग्राफीला. सैल, दोन भागांचे कपडे घाला. गार जेली लावतात, कारण कातडी आणि यंत्र यांच्यामध्ये हवा राहिली तर लहरी आत शिरत नाहीत. मग गाठीवर हातातलं यंत्र फिरवतात. पडद्यावर पाण्याची गाठ काळीभोर दिसते, गोल, रेखीव, आणि तिच्या मागची बाजू जास्त उजळ. नेहमीची लसिकाग्रंथी घेवड्याच्या बीसारखी लांबट, मध्ये पांढुरकी. ती गोल झाली आणि मधला पांढरा भाग नाहीसा झाला, तर डॉक्टर थांबून नीट बघतात, रक्तप्रवाह तपासतात.

तुमच्याकडून एक काम मात्र व्हायला हवं. गाठ नेमकी कुठे आहे ते स्वतःच्या बोटाने दाखवा. आडवं झाल्यावर ती हरवते म्हणून घरून निघताना पेनाने खूण करून ठेवली तरी चालेल. जांघेतली गाठ उभं राहिल्यावर येते आणि झोपल्यावर जाते असं असेल, तर ते आवर्जून सांगा. तो हर्निया असू शकतो, आणि डॉक्टर तुम्हाला उभं करून खोकायला लावतील. बायकांनी सोबतीला घरची बाई न्यावी, लेडी डॉक्टर हव्या असतील तर वेळ घेतानाच विचारावं. यात संकोचाचं काही नाही.

रिपोर्ट हातात पडला की लोक फोनवर शब्द शोधत बसतात आणि रात्रभर झोपत नाहीत. 'हायपोएकोइक' म्हणजे पडद्यावर आजूबाजूपेक्षा गडद दिसलेलं, एवढंच. निरुपद्रवी गाठीही तशा दिसतात. 'रिअ‍ॅक्टिव्ह नोड' म्हणजे बहुधा जवळच्या कुठल्या तरी संसर्गाने सुजलेली ग्रंथी. स्तनाच्या रिपोर्टात शेवटी बायरॅड्सचा आकडा असतो: २ असेल तर निर्धास्त राहा, ३ ला सहसा सहा महिन्यांनी पुन्हा बघतात, ४ किंवा ५ असेल तर तुकडा तपासायलाच हवा. चाळिशीपुढच्या बाईला सोनोग्राफीबरोबर मॅमोग्राफीही सांगतात. डॉक्टर पैसे काढतायत असं समजू नका, दोन्ही यंत्रांना वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. अंगावर पाजणाऱ्या बाईची गाठ 'दूध साचलंय' म्हणून सोडून देतात. बहुतेकदा ते खरंही असतं. पण दोन आठवड्यांत गेली नाही तर सोनोग्राफी करा.

सोनोग्राफी दिशा दाखवते, शेवटचा निकाल देत नाही. गाठ भरीव आणि संशयाची असली की सुई घालून पेशी काढतात किंवा बारीक तुकडा घेतात. इथे आपल्या लोकांचा पाय अडतो: "गाठीला लोखंड लागलं की पसरते." या भीतीपायी माणसं सुई नाकारतात आणि तीच गाठ तीन महिने बिब्ब्याने भाजून घेतात. पसरते ती वाया गेलेल्या त्या तीन महिन्यांत. सुई कुठे घालायची आणि कुठे नाही (वृषणात सहसा घालत नाहीत) हे डॉक्टर जाणतात, ते त्यांच्यावर सोडा. बिब्बा, डाग, जोरजोरात मालिश यांनी कातडी भाजते, सूज येते, आणि मग तपासणाऱ्यालाही मूळ गाठ नीट कळत नाही.

सुईत टीबी निघाला तर रडू नका. सरकारी उपचार फुकट आहेत, गोळ्या बहुधा सहा महिने, आणि निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. फक्त गाठ बसली म्हणून गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत.

किती दिवस वाट पाहायची, हा प्रश्न सगळेच विचारतात. सर्दी-तापाबरोबर मानेत आलेली लहान, मऊ, हलणारी गाठ दोन आठवडे बघा. स्तनातल्या (अंगावर पाजणाऱ्या बाईचं वर सांगितलंच), वृषणातल्या आणि गळपट्टीच्या हाडावरच्या गाठीला हे दोन आठवडेही देऊ नका. दगडासारखी कडक, खाली चिकटलेली, वाढत चाललेली, पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी किंवा मांसात खोल असेल, सोबत वजन घटत असेल, रात्री घामाने कपडे भिजत असतील, तरी लगेच जा. खासगीत परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजात सोनोग्राफी होते. रांग असते, म्हणून सकाळी लवकर केसपेपर काढा.

आणि 'सहा महिन्यांनी पुन्हा' असं लिहून आलं, तर ती तारीख त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडा. शक्यतो त्याच केंद्रात जा आणि जुना रिपोर्ट फिल्मसकट सोबत न्या. गाठ वाढली की तेवढीच आहे, हे आधीचं माप समोर असल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही.