मागच्या ओळीतला आवाज

चार बायका जमल्या की गलका होतो, असं म्हणतात. पण बचत गटाच्या ऑनलाइन बैठकीत पलीकडून साहेब म्हणाले, "हं, बोला ताई," की त्याच बायका एकमेकींकडे बघायला लागतात. त्यातून माइक बंद असेल तर विचारूच नका!

कोणी म्हणेल, लॅपटॉपला स्वतःचा माइक असतोच की, वेगळा कशाला हवा? असतो, पण तो समोर बसलेल्या एका माणसापुरता. सतरंजीवर वीस-पंचवीस जणी बसल्या की त्याला पंख्याची घरघर आणि पहिल्या ओळीचं बोलणं तेवढं ऐकू येतं. आमच्या रेवसला खाडीवरचा वाराही असतोच. आणि पहिल्या ओळीत बसतं कोण? अध्यक्ष, सचिव, ज्यांना बोलायची सवय आहे त्या. टोपली ठेवून धावतपळत आलेली कोळीण दाराशीच टेकते. तिचं म्हणणं पोचायचं तर हातोहात फिरणारा माइक हवा. म्हणून गटाच्या शिक्क्याइतकाच मला तो मोलाचा वाटतो.

मागे एका गावात मासळी सुकवायच्या ओट्यांसाठी अशीच बैठक होती. नवा माइक लावला, पण आवाज जाईना. पलीकडून दोनदा "ऐकू येत नाही" असं आलं आणि पुढच्या गावाचं नाव पुकारलं गेलं. मग शेजारचा कॉलेजातला मुलगा आला, दोन मिनिटांत काहीतरी केलं, "झालं काकू" म्हणाला आणि गेला. काय केलं ते त्याने सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. माझा राग त्या मुलावर नाही. "आम्हा बायकांना त्यातलं काय कळतंय" हे जे आपण चटकन बोलून जातो, त्यावर आहे.

अहो, मिक्सर फिरेना झाला तर आपण काय करतो? लाइट आहे का, पिन नीट बसलीय का, भांडं घट्ट लागलंय का, खालचं लाल बटन उडालंय का, असं एकेक बघत जातो. माइकचंही तसंच.

आधी माइकचं स्वतःचं बटन आणि असल्यास सेल बघा. मग तो दुसऱ्या लॅपटॉपला लावून बघा. तिथे चालला तर माइक शाबूत, दोष आपल्या लॅपटॉपकडे.

नंतर गोल पिनेवरचे पट्टे मोजा. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपना हेडफोन आणि माइक मिळून एकच भोक असतं, त्याला तीन पट्ट्यांची पिन लागते. दोन पट्ट्यांची घातली तर लॅपटॉप तिला हेडफोन समजतो, मग घसा बसेपर्यंत बोला! त्यासाठी माइक आणि हेडफोनची वाट वेगळी करणारा स्प्लिटर मिळतो. जुन्या लॅपटॉपला दोन भोकं असतील तर माइकचं चित्र किंवा गुलाबी रंग असलेलं आपलं. यूएसबीचा माइक असेल तर ही भानगडच नाही.

पिन बरोबर असेल तर लॅपटॉपला विचारा. विंडोजमध्ये खाली उजवीकडे स्पीकरचं चित्र असतं, त्यावर माउसचं उजवं बटन दाबून साउंड सेटिंग्ज उघडा. 'इनपुट'मध्ये आपला माइक निवडा आणि बोला. तिथली पट्टी हलली पाहिजे. हलली, तरी आवाज जात नाही? मग बैठकीच्या अ‍ॅपमध्येही तोच माइक निवडा. पट्टी हलतच नसेल तर सेटिंग्जमधल्या 'प्रायव्हसी'त मायक्रोफोनला परवानगी आहे का ते बघा.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक शत्रू आहे, खारी हवा. पिनेवर हिरवट थर धरतो. ती कोरड्या कापडाने पुसा आणि माइक घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. औषधाच्या बाटलीत ओल शोषणारी पुडी येते, ती फेकू नका, या डब्यात टाका.

एवढ्याशा माइकसाठी एवढी खटपट कशाला, असं वाटेल. पण बघा, ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा 2011 पासून बायकांसाठी राखीव आहेत. खुर्ची मिळाली, आता आवाज पोचायला हवा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित झाल्या, म्हणून आज त्या बायकांचा गळासुद्धा ऐकता येतो. कधी शाळेत न गेलेल्या त्या बायकांकडे सांगण्यासारखं किती होतं! कोणीतरी माइक त्यांच्यापुढे नेला, इतकंच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक गटाने माइकची जबाबदारी दोघींवर सोपवावी, आणि त्यातली एक मागच्या ओळीतली असावी. तपासायच्या गोष्टी मराठीत कागदावर लिहून लॅपटॉपच्या झाकणाला चिकटवाव्यात. बैठकीआधी दहा मिनिटं माइक लावून बघावा. आणि शेजारचा मुलगा मदतीला आलाच, तर त्याला प्रेमाने सांगावं, "बाळा, तू नको करूस. तू सांग, मी करते."